लहान मुलांच्या उच्चारदोषांवर संशोधन करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएएसएलपीचे (श्रवण आणि वाक्-भाषा विकारशास्त्राच्या पदवीचे) विद्यार्थी, भाषाशास्त्रात एम.ए. केलेले तरुण, बालवाडीच्या शिक्षिका आणि अधूनमधून पालक, या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न होता होईल तो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या क्षेत्रात नेमका कशाचा अभ्यास करतात?

मूल आपल्या भाषेतले ध्वनी कोणत्या क्रमाने शिकतं, कुठे अडतं, का अडतं आणि काय केलं की ती अडचण सुटते, याचा.

अडण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. काही मुलांना एखादा ध्वनी तोंडाने काढताच येत नाही. उदाहरणार्थ, 'स' म्हणताना जीभ दातांमधून बाहेर येते. काहींना ध्वनी काढता येतो, पण शब्दात तो जागेवर पडत नाही. असं मूल 'काका'ला 'ताता' आणि 'गाडी'ला 'दाडी' म्हणतं, म्हणजे घशाजवळचे ध्वनी दातांपाशी आणतं, आणि हे ते नेमाने करतं. काही थोड्या मुलांत जिभेच्या हालचालींची आखणीच मेंदूकडून नीट होत नाही, त्यामुळे एकच शब्द दर वेळी वेगळा बाहेर येतो. शिवाय ऐकू कमी येणं किंवा टाळू दुभंगलेली असणं यांमुळे होणारे दोष आहेतच. तोतरेपणा आणि उशिरा बोलायला लागणं हे शेजारचे, पण वेगळे विषय आहेत.

२. लहान मुलं बोबडं बोलतातच. मग त्याला 'दोष' कधी म्हणायचं?

दोन वर्षांचं मूल 'राम'ला 'लाम' म्हणतं तेव्हा काळजीचं कारण नसतं. तेच मूल सहाव्या वर्षीही 'लाम' म्हणत असेल, किंवा चौथ्या वर्षी घराबाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं कळतच नसेल, तर तपासायला हवं.

शॅरिन मॅक्लाउड आणि कॅथरिन क्रो यांनी २०१८ मध्ये २७ भाषांमधल्या ६४ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात २६ हजारांवर मुलं होती. बहुतेक व्यंजनं पाचव्या वर्षापर्यंत मुलांच्या तोंडी बसलेली असतात, असं त्यातून दिसलं. त्या २७ भाषांत मराठी नाही, हे मात्र लक्षात ठेवा. त्याचा अर्थ काय होतो ते प्रश्न ७ मध्ये आहे.

३. मी पालक आहे, संशोधक नाही. माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीला 'क' येत नाही. थांबू का?

थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या, घरात हाक मारल्यावर ती वळून बघत असली तरीही. मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या स्पीच थेरपिस्टना भेटा. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र जवळ असेल तर तिथेही जाता येतं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते, आणि भाषा उशिरा येणं व ऐकू कमी येणं या गोष्टी त्यात पाहिल्या जातात. 'मोठी झाली की सुधारेल' हे बऱ्याच मुलांच्या बाबतीत खरं ठरतं. पण तुमची मुलगी त्यांतली आहे का, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

४. बारावीनंतर या क्षेत्रात कसं यायचं? माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय.

सरळ वाट म्हणजे बीएएसएलपी. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं असतं. बारावीला विज्ञान शाखा लागते. त्यानंतर वाक्-भाषा विकारशास्त्रात दोन वर्षांची एम.एस्सी. करायची. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेलं महाविद्यालय आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ आणि महाराष्ट्राबाहेर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था ही मराठी विद्यार्थ्यांची नेहमीची ठिकाणं. म्हैसूरची संस्था १९६५ सालची आहे, वांद्र्याची १९८३ ची. प्रवेशाचे नियम बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रकच प्रमाण माना.

मराठी माध्यमाबद्दल म्हणाल तर पहिलं वर्ष जड जातं, कारण शरीररचना आणि ध्वनिविज्ञान दोन्ही इंग्रजीतून शिकायचं असतं. पण पुढे पीएचडीला मराठी मुलांवर काम करायला घ्याल तेव्हा तुमच्याकडे असं काही असेल जे वर्गातल्या इतरांना वर्षानुवर्षं कमवावं लागतं. 'वेळ' आणि 'वेल' यांतला फरक तुम्हाला न शिकता ऐकू येतो.

५. मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी आहे. थेरपीची पदवी नसताना यात संशोधन करता येईल का?

येईल. सामान्य मुलं ध्वनी कसे शिकतात, याचा अभ्यास तर भाषाशास्त्रातूनच सुरू झाला. रोमान याकोब्सनने मुलांचं ध्वनिअर्जन आणि भाषा गमावलेल्या माणसांचं बोलणं एकत्र मांडलं ते १९४१ मध्ये, आणि तो भाषाशास्त्रज्ञ होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्राचे विभाग आहेत. नेटला, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, भाषाशास्त्र हा विषय आहे, वाक्-भाषा विकारशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीच्या (जेआरएफच्या) बाबतीत तुमची वाट उलट सोपी आहे.

मर्यादा एकच, पण ती पक्की. निदान करणं आणि उपचार करणं हे तुमचं काम नाही. पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी लागते. म्हणून पहिल्या वर्षापासून एखाद्या थेरपिस्टला सहमार्गदर्शक म्हणून घ्या. पुढे दवाखान्याचं दार उघडायला तीच ओळख उपयोगी पडेल.

६. पीएचडीला किती वर्षं लागतात आणि तोपर्यंत खायचं काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षं. मुलांवरच्या कामात तीन वर्षांत आटोपेल असं धरून चालू नका. शाळांची परवानगी, परीक्षा, सुट्ट्या, मुलांची सर्दी, सगळं त्यात येतं. नेट-जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि दोन वर्षांनी ४२ हजार, शिवाय घरभाडं. राष्ट्रीय संस्थांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्याही असतात. बरेच जण अर्धवेळ दवाखाना चालवत पीएचडी करतात. ते जमतं, पण वर्षं वाढतात. संध्याकाळच्या थेरपीनंतर रात्री लिप्यंतर करायला, म्हणजे मुलांचं बोलणं ऐकून ध्वनिलिपीत उतरवायला, बसलं की कान थकलेले असतात आणि चुका होतात. जमलं तर निदान लिप्यंतराच्या काळापुरती शिष्यवृत्ती मिळवा.

७. मराठी मुलांवर नवं असं काय शोधायचं राहिलंय? सगळं इंग्रजीत झालेलंच आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढ्या मोठ्या भाषेत मुलांच्या उच्चारांवरचं काम इंग्रजीच्या मानाने फार थोडं आहे. आणि इंग्रजीतले निष्कर्ष उचलून इथे लावता येत नाहीत, कारण मराठीचा ध्वनिसंच वेगळा आहे.

'ळ' आणि 'ण' घ्या. दोन्ही शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. म्हणजे आरंभी, मध्ये, शेवटी अशी तीन घरं आखलेली इंग्रजी पद्धतीची चाचणी इथे कोलमडते. 'ळ' तपासायचा तर 'शाळा', 'केळं', 'बाळ', 'फळ' असेच शब्द हवेत. मूल 'ळ' गाळतं, त्याचा 'ल' करतं की 'ड'च्या जवळ नेतं, आणि कोणत्या वयात काय करतं? एका प्रबंधाला एवढं पुरेसं आहे.

'च' आणि 'ज' तर त्याहून रंगतदार. 'चिमणी'तला 'च' वेगळा, 'चमचा'तला वेगळा. 'जग' असं लिहिलं तर ते दुनिया या अर्थाचं आहे की 'जगणे'चं आज्ञार्थी रूप, हे कागदावर कळत नाही, बोलताना मात्र लगेच कळतं. मुलं यांतला कोणता ध्वनी आधी शिकतात? दोन्हींत गोंधळ होणारं मूल कोणत्या बाजूला झुकतं? लिपीत हा फरकच नसल्यामुळे पहिलीत वाचायला शिकताना काय होतं?

तिसरा मुद्दा महाप्राणांचा, म्हणजे श्वासाच्या झोतासह म्हटल्या जाणाऱ्या ध्वनींचा. 'कार' आणि 'खार', 'पळ' आणि 'फळ'. इंग्रजीत 'क' आणि 'ख' असा अर्थ बदलणारा भेदच नसतो, त्यामुळे तिथल्या वयाच्या तक्त्यांत त्याला जागाच नाही. 'घ', 'झ', 'ढ', 'ध', 'भ' यांचंही तेच. आणि 'फळ'मधला 'फ' मोठी माणसंसुद्धा कधी ओठ मिटून तर कधी दात ओठावर ठेवून म्हणतात. मग मुलाचं कोणतं रूप बरोबर धरायचं, हे आधी आसपासच्या मोठ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठरवावं लागतं.

उपचाराच्या बाजूने पाहिलं तर एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दजोड्या हे जगभर वापरलं जाणारं साधन आहे. 'काप–ताप', 'कार–तार', 'गाळ–गाल', 'वेळ–वेल' अशा मराठी जोड्या आहेत, पण चित्र काढता येईल आणि चार वर्षांच्या मुलाला माहीत असेल अशी जोडी मिळवणं कठीण. 'गाळ' शहरातल्या मुलाला कुठे माहीत असतो? अशा जोड्यांचा तपासून पाहिलेला संच कुणी तयार केला, तर दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यांत वापरला जाईल.

८. प्रत्यक्षात काम कसं चालतं? रोज काय करायचं असतं?

आधी शब्दांची यादी करायची. प्रत्येक व्यंजन शक्य त्या प्रत्येक जागी निदान दोनदा यावं, शब्द मुलाच्या ओळखीचे असावेत आणि त्यांची चित्रं काढता यावीत. मग यादी पाच-सहा मुलांवर करून पाहायची. इथेच गंमत होते. 'भांडं' म्हणावं म्हणून दाखवलेल्या पातेल्याच्या चित्राला मूल 'दूध' म्हणतं. चित्र बदलायचं.

ध्वनिमुद्रण शांत खोलीत करायचं. फाईल वेव्ह स्वरूपातच ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झवर. एमपीथ्री करू नका, कारण आकार लहान करताना नेमके 'स' आणि 'श' यांचे वरच्या कंपनांचे बारकावे जाऊ शकतात. अंगणवाडीत पंखा बंद करायला सांगावं लागतं आणि भिंतीपलीकडे कविता चालू असते, तेव्हा माइक तोंडाजवळ हवा.

त्यानंतर लिप्यंतर. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. देवनागरीत दोन 'च' वेगळे दाखवता येत नाहीत, हे वर आलंच. बोलण्याचा अर्धा तास लिहायला अख्खा दिवस सहज जातो. काही भाग दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडूनही लिहून घ्यायचा आणि दोघांचं किती जुळतं ते मोजायचं. ते आकडे दिले नाहीत, तर चांगली नियतकालिकं लेख परत पाठवतात. ध्वनीचे आलेख पाहायला 'प्रात' आणि मुलांचं बोलणं साठवून त्याचं विश्लेषण करायला 'फॉन' ही संगणक साधनं फुकट मिळतात. 'प्रात' अॅमस्टरडॅममध्ये तयार झालं.

९. 'पीसीसी' काय असतं? सगळ्या लेखांत दिसतं.

बरोबर उच्चारलेल्या व्यंजनांची टक्केवारी. लॉरेन्स श्रीबर्ग आणि जोन क्वियाटकोव्स्की यांनी १९८२ मध्ये ती रूढ केली. समजा मूल म्हणालं, 'ताताची दाडी लाल आहे.' मूळ वाक्यात व्यंजनं आठ: क, क, च, ग, ड, ल, ल, ह. चुकली तीन, बरोबर आली पाच. म्हणजे ६२.५ टक्के. त्यांच्या श्रेणीत ८५ च्या वर दोष सौम्य, ६५ ते ८५ सौम्य ते मध्यम, ५० ते ६५ मध्यम ते तीव्र आणि ५० च्या खाली तीव्र.

पण इथे तिन्ही चुका एकाच प्रकारच्या आहेत. 'क' आणि 'ग' दातांपाशी आले, एवढंच. दुसऱ्या एखाद्या मुलाचे ६२.५ टक्के तीन वेगवेगळ्या कारणांनी आलेले असू शकतात आणि त्याचा उपचार वेगळा असेल. म्हणून आकडा द्या, पण चुकांचा साचाही लिहा. शिवाय एका वाक्यावरून पीसीसी काढत नाहीत, त्यासाठी मुलाच्या मोकळ्या गप्पांचा भरपूर नमुना लागतो.

१०. वऱ्हाडातलं मूल 'डोळा'ला 'डोया' म्हणतं, कुणी 'पाणी'ला 'पानी' म्हणतं. हे चुकीत धरायचं का?

अजिबात नाही. मुलाची आई, आजी आणि शेजारी जे बोलतात ते मूल शिकलं, म्हणजे त्याचं शिकणं उत्तम चाललंय. प्रमाण मराठीच्या फूटपट्टीने गावातल्या मुलांना दोष चिकटवणं हा शास्त्रीय घोटाळाही आहे आणि अन्यायही. हे मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत अजूनही पाहते, आणि दर वेळी तेवढंच वाईट वाटतं.

करायचं असं, की चाचणीआधी त्याच घरातल्या एका मोठ्या माणसाकडून तीच यादी म्हणून घ्यायची. मुलाचा उच्चार त्या उच्चाराशी ताडून पाहायचा. मात्र घरातले 'डोया' म्हणत असताना मूल 'दोया' म्हणालं, तर तिथे 'ड'चा प्रश्न आहे आणि तो नोंदवायचा.

११. घरी मराठी, बालवाडीत इंग्रजी, सोसायटीत हिंदी. अशी मुलं अभ्यासातून वगळावीत का?

शहरात काम करणार असाल तर वगळायला मग उरणार कोण? दोन भाषांमुळे उच्चारदोष होत नाही. खरा दोष असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत कुठे ना कुठे दिसतो. चूक एकाच भाषेत असेल तर ती बहुतेक वेळा दुसऱ्या भाषेची छाया असते. म्हणून प्रत्येक भाषेत वेगळा नमुना घ्या, कोणत्या वयापासून आणि दिवसात किती वेळ कोणती भाषा कानावर पडते ते पालकांकडून लिहून घ्या, आणि 'एकभाषिक' हा शब्द जपून वापरा. 'घरी मराठीच बोला की इंग्रजीच?' या पालकांच्या प्रश्नावर माझं उत्तर एकच आहे: तुम्हाला जी भाषा मनापासून येते ती.

१२. फुगे फुगवणं, फुंकर मारणं, जिभेचे व्यायाम यांनी उच्चार सुधारतात का? सगळे हेच करून घेतात.

सगळे करून घेतात हे खरं आहे. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ८५ टक्के थेरपिस्टांनी असे व्यायाम वापरत असल्याचं सांगितलं होतं. पण त्यांनी उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. फुंकर मारताना जिभेचं काम वेगळं आणि 'स' म्हणताना वेगळं. 'स' सुधारायचा तर 'स'चाच सराव हवा. चिकटलेल्या जिभेबाबतही असंच. बहुतेक बोबड्या मुलांत ते कारण नसतं, म्हणून नुसत्या उच्चारासाठी शस्त्रक्रिया करण्याआधी नीट तपासणी व्हावी. रूढ पद्धत आणि पुरावा यांत एवढं अंतर असतं, तिथेच संशोधकाची खरी गरज असते.

१३. पीएचडीनंतर नोकरी कुठे?

मान्यताप्राप्त महाविद्यालयांत अध्यापन, राष्ट्रीय संस्था, काही तंत्रज्ञान संस्थांचे मानव्यविद्या विभाग आणि आता आवाज ओळखणारी यंत्रणा बनवणाऱ्या कंपन्या. मोठ्यांच्या आवाजावर शिकवलेली यंत्रं मुलांच्या बोलण्यात चुकतात, म्हणून त्यांना या विषयातली माणसं लागतात. पदं मात्र थोडी आहेत. आणि महाविद्यालयात शिकवणं, दवाखाना आणि संशोधन एकाच वेळी सांभाळावं लागतं, तेव्हा बाजूला पडतं ते संशोधन. मुलाखतीतच विचारा, आठवड्यातले किती तास संशोधनासाठी मोकळे मिळतील.

१४. परदेशात जावं का?

उपकरणं, निधी आणि मार्गदर्शन यांसाठी जरूर जा. फक्त तिथे थेरपी करायला त्या देशाची वेगळी नोंदणी लागते. ब्रिटनमध्ये ती आरोग्य व्यवसायांच्या परिषदेकडे होते. नुसत्या संशोधनाला बहुधा लागत नाही. जमलं तर नमुना मराठी मुलांचाच ठेवा. तिथल्या मराठी मंडळांतली मुलं हाही चांगला विषय आहे, पण त्यांचं मराठी इथल्या मुलांच्या तक्त्यावर मोजू नका (प्रश्न ११ पाहा).

१५. मला स्वतःला 'र' नीट म्हणता येत नाही. मी या क्षेत्रात येऊ नये का?

या. लिप्यंतराला कान लागतो, आणि तुमचा कान बहुधा इतरांपेक्षा सावध असेल. चाचणीत मुलासमोर शब्द उच्चारून दाखवायचा असेल, तिथे ध्वनिमुद्रित आवाज वापरता येतो. वर्गात कुणी हसेल ही भीती मी समजू शकते, पण असं मूल समोर बसतं तेव्हा त्याला काय वाटत असेल हे तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही.

१६. चार वर्षांच्या मुलाची संमती कशी घ्यायची?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती लागते. सात ते बारा वयात मुलाचा तोंडी होकारही लागतो, त्यापुढे लेखी. तुमच्या संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता या सगळ्याच्या आधी. कागद कितीही पक्के असले, तरी चार वर्षांचं मूल तोंड फिरवून बसलं तर त्या दिवशी काम थांबवा.

१७. उपचाराचा अभ्यास करताना निम्म्या मुलांना उपचारच द्यायचे नाहीत? मला ते पटत नाही.

पटू नयेच. उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे प्रतीक्षा गट. अर्ध्या मुलांना आज उपचार, अर्ध्यांना आठ-दहा आठवड्यांनी तेच उपचार, आणि मधल्या काळाची तुलना. ही मुलं तशीही दवाखान्याच्या प्रतीक्षायादीत असतील, तर त्यांचं काही हिरावलं जात नाही. मात्र ज्या मुलाचं बोलणं कुणालाच कळत नाही, त्याला थांबवू नका.

दुसरा उपाय थोड्या मुलांवर चालतो. एकाच मुलाचे दोन-तीन बिघडलेले ध्वनी निवडायचे आणि काही काळ सगळे नुसते मोजायचे. मग एकावर उपचार सुरू करायचे आणि बाकीचे मोजत राहायचं. उपचार चालू असलेला 'क' सुधारला आणि 'श' तिथेच राहिला, तर सुधारणा वयाने नव्हे, उपचाराने झाली असं म्हणायला आधार मिळतो. नंतर 'श' घ्यायचा. 'क' आणि 'ग' अशी जोडी मात्र निवडू नका, कारण 'क' सुटला की 'ग' बऱ्याचदा आपोआप सुटतो आणि तुलनाच मोडते.

१८. पालकांनी मध्येच माघार घेतली, तर झालेलं ध्वनिमुद्रण ठेवता येतं का?

ते काय म्हणतात त्यावर. पुढे यायचं नाही, पण झालेलं वापरा असं लेखी दिलं तर ठेवता येतं. काढून टाका म्हणाले तर सगळ्या प्रती पुसायच्या. सहमार्गदर्शकाच्या संगणकावरची आणि पेन ड्राइव्हवरचीही. म्हणून संमतिपत्रकातच दोन वेगळे रकाने ठेवा: एक सहभागासाठी, दुसरा ध्वनिमुद्रण साठवण्यासाठी. नाव पुसलं तरी आवाजावरून मूल ओळखता येतं. त्यामुळे वर्गात किंवा परिषदेत नमुना ऐकवायचा असेल तर तिसरा रकाना हवा, आणि तो रिकामा असेल तर ऐकवायचं नाही.